भिंतीतला पिंपळ, टेकडीवरचा वेडा राघू आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की रोज पंधरा मिनिटं गॅलरीत नाहीतर खिडकीशी बसा, एकाच झाडाकडे किंवा एकाच पक्ष्याकडे बघत राहा, हातात काही घेऊ नका आणि पंधरा दिवसांनी काय होतंय ते कळवा. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न इतरांच्याही मनात असतील असे काही निवडलेत. नावं छापलेली नाहीत, काळजी करू नका.

प्रश्न : ताई, मी बाणेरला राहतो, वय ३९, हिंजवडीत नोकरी. वर्षभर झालं डोकं जड असतं, खांदे आखडतात, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, डॉक्टर म्हणाले स्ट्रेस आहे, कमी करा. कमी करा म्हणजे नेमकं काय करा ते कोणी सांगत नाही. बायकोने मागे लागून टेकडीवर पाठवायला सुरुवात केली, रोज सकाळी गाडी काढून वेताळ टेकडीला जातो, सहा हजार स्टेप्स होतात, घाम येतो, पण खाली उतरून गाडीत बसेपर्यंत डोकं परत तसंच. निसर्गात गेलं की बरं वाटतं म्हणतात ते माझ्याच बाबतीत का होत नाही?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात स्टेप्स आहेत, घाम आहे, गाडी आहे, पण टेकडीवर काय दिसलं याबद्दल एक शब्द नाही. म्हणून मी मेल करून विचारलं की चालताना कानात काही असतं का, तर तुम्ही खरं ते लिहून टाकलंत, इअरफोन असतो, आधी पॉडकास्ट आणि साडेसातनंतर ऑफिसचे कॉल. म्हणजे पाय टेकडीवर आणि बाकीचे तुम्ही हिंजवडीतच. चालणं चांगलंच आहे, ते सोडू नका, हृदयाला, वजनाला, शुगरला त्याचा उपयोग आहेच, पण डोकं मोकळं व्हायला दुसरं काहीतरी लागतं आणि त्यासाठी तुम्ही आत्तापर्यंत एक मिनिटसुद्धा दिलेलं नाहीये.

२०१९ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी शहरात राहणाऱ्या माणसांवर एक अभ्यास केला होता. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, निदान दहा मिनिटं, जिथे निसर्गाशी संबंध येतोय असं वाटेल अशा कुठल्याही जागी जायचं, आणि जायच्या आधी आणि आल्यावर लाळेतलं कॉर्टिसोल तपासायचं, म्हणजे ताण आला की शरीरात वाढतं ते हार्मोन. वीस ते तीस मिनिटांत ते सगळ्यात झपाट्याने उतरताना दिसलं. पण तुमच्यासाठी खरी गंमत त्यांच्या अटींमध्ये आहे : फोन नाही, इंटरनेट नाही, गप्पा नाहीत, वाचन नाही आणि दमवणारा व्यायामही नाही. बसा नाहीतर रमतगमत फिरा, बस. त्यांनी नको म्हटलेलं जवळपास सगळं तुम्ही टेकडीवर करताय!

तर असं करा. आठवड्यातले तीन दिवस चालणं निम्म्यावर आणा, फोन गाडीतच ठेवा (घरी सांगून ठेवा, नाहीतर तीच एक नवी काळजी), आणि वर पठारावर जिथे झाडं विरळ होतात किंवा जुन्या खाणीतलं पाणी दिसतं तिथे एक दगड पकडून बसा. रोज तोच दगड. जागा बदलू नका कारण जागा बदलली की मन परत साइटसीइंगच्या मूडमध्ये जातं. पहिली पाच-सात मिनिटं भयंकर जातील, कालची मीटिंग, आजचा डेडलाइन, होम लोन, सगळं एकदम वर येईल, येऊ दे, त्याच्याशी भांडत बसू नका, उठू मात्र नका. दगडाला हात लावून बघा, सकाळी गार असतो, हा आपला काळा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे.

मग आजूबाजूच्या निष्पर्ण फांद्या बघा, एखादीवर वेडा राघू असणारच. चिमणीएवढा, हिरवागार, डोक्यावर तांबूस झाक, डोळ्यातून गेलेली काळी रेघ आणि शेपटीच्या मधोमध दोन पिसं तारेसारखी लांब बाहेर आलेली. बसल्या बसल्या मान इकडे तिकडे फिरवत असतो, मधेच सुटतो, हवेत गिरकी मारून माशी पकडतो आणि फिरून त्याच फांदीवर येऊन बसतो, बहुतेक वेळा अगदी त्याच जागी. मधमाशी असली तर लगेच गिळत नाही, चोचीत आडवी धरून फांदीवर आपटतो, या बाजूने, त्या बाजूने, घासतो, कारण आधी तिची नांगी काढायची असते. मग एक झटका देऊन गिळतो आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत समोर बघायला लागतो. तुम्ही त्याच्या दहा फेऱ्या बघा आणि कितीदा रिकाम्या चोचीने परत आला ते लक्षात ठेवा. दहाव्या फेरीपर्यंत तुमचे खांदे खाली आलेले असतील, तुमच्याही नकळत. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचं असंच झालेलं मी पाहिलंय. ऑफिसचा प्रॉब्लेम काही पक्षी सोडवत नाही, तो खाली तसाच असणारे, पण दिवसभर मुठीत आवळून धरलेली वस्तू वीस मिनिटं खाली ठेवली की हाताला जसं वाटतं तसं डोक्याला वाटतं.

रोज जमलं नाही तर जीवाला लावून घेऊ नका. २०१९ मध्येच इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं होतं की आठवड्याला मिळून दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान दोन्ही बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं, आणि ते दोन तास एकदम असोत की तुकड्या-तुकड्यात, त्याने फरक पडला नाही. एक महिन्याने परत लिहा, या वेळेला स्टेप्स किती झाल्या ते लिहू नका.

प्रश्न : सदाशिव पेठेत जुन्या घरात पहिल्या मजल्यावर राहते. सासूबाई आठ महिने अंथरुणाला खिळून आहेत, अर्धांगाचा झटका आला होता. टेकडी सोडाच, कोपऱ्यावर भाजी आणायला जायचं तरी कोणाला तरी त्यांच्यापाशी बसवावं लागतं. खिडकीतून समोरच्या वाड्याची पडकी भिंत दिसते, भिंतीत एक पिंपळ उगवलाय तेवढाच काय तो हिरवा. अशा घरात कसला निसर्ग आणि कसलं निरीक्षण? तुमचा लेख वाचून शांत व्हायच्या ऐवजी चिडचिडच झाली. स्पष्ट लिहिलं, माफ करा.

उत्तर : माफी कसली मागता, चिडलात आणि तरी बसून पत्र लिहिलंत याचंच मला कौतुक वाटलं. आधी एक गोष्ट सांगते, मग पिंपळाकडे येते.

१९८४ मध्ये रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, १९७२ ते १९८१ या काळातले. त्यातल्या २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि बाकीच्या २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे पेशंट लवकर घरी गेले, त्यांना वेदना कमी करणारी जोरदार औषधं कमी लागली आणि नर्सनी त्यांच्याबद्दल लिहिलेल्या तक्रारवजा नोंदीही कमी होत्या. ही माणसं काही झाडाखाली जाऊन बसली नव्हती, पलंगावर पडून खिडकीतून बघत होती फक्त. आता तुमच्या खिडकीत बघा, भिंतही आहे आणि झाडही आहे.

तो पिंपळ कोणी लावलेला नाही. कुठल्यातरी साळुंकीने नाहीतर बुलबुलाने पिंपळाचं फळ खाल्लं, भिंतीवर बसून शिटली, बी चुन्याच्या फटीत अडकलं आणि पावसाच्या पाण्यावर रुजलं, माती नाही, खत नाही, कोणी पाणी घातलेलं नाही. हे फाल्गुन-चैत्राचे दिवस पिंपळ बघायचेच आहेत. जुनी पानं पिवळी पडून गळतायत आणि नवीन पालवी फुटतेय, ती हिरवी नसते, तांब्याच्या रंगाची असते, तेल लावल्यासारखी चकचकीत आणि इतकी पातळ की सकाळचं ऊन मागून आलं की आतल्या शिरा मोजता येतात. पहिले काही दिवस ती पानं खाली मान घालून लोंबतात आणि मग हळूहळू पोपटी होत ताठ होतात. आणि वारा नसतानासुद्धा पिंपळ सळसळतो तो का माहितीये? त्याचा देठ लांब आणि बारीक असतो, म्हणून आपल्या गालाला कळणार नाही एवढ्या झुळकेनेही पान हलतं. तुम्ही एकच फांदी ठरवा, तिच्यावरचं एकच कोवळं पान, आणि सकाळचा चहा हातात घेऊन रोज त्याच पानाचा रंग बघा.

आता मुख्य मुद्दा. सासूबाईंची कॉट फिरवता येईल का बघा, त्यांचं तोंड खिडकीकडे येईल अशी. कोणाला तरी हाताशी घेऊन एका रविवारी होईल. आठ महिने त्या छत बघतायत. माझी आई शेवटच्या वर्षात अशीच पलंगावर होती आणि आमच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीला काहीतरी कचरा लटकलाय असं समजून मी झाडू घेऊन गेले होते, तर आई आतून ओरडली, थांब, हात लावू नकोस. शिंजीराचं घरटं होतं ते. वाळकी पानं, कापसाचे धागे, सालपटं, सगळं कोळ्याच्या जाळ्याने चिकटवून केलेली लांबुडकी पिशवी, बाजूला एक भोक आणि भोकावर पावसाळी छपरी असते ना तशी बारीकशी छपरी. मादी एकटीच बांधत होती, दिवसभर खेपा. आईला नीट बोलता येत नव्हतं पण मी ऑफिसमधून आले की ती बोटाने खूण करायची, आज इतक्यांदा आली. दोन अंडी, दोन आठवड्यांची उबवण, मग चिवचिव. ते महिना-सव्वा महिना आमच्या घरात आजारपण सोडून बोलायला दुसरा विषय होता आणि तो विषय आईने मला दिलेला होता, हे माझ्यासाठी फार मोठं होतं, अजूनही आहे.

दुपारी घर शांत झालं की तांबट पक्षी ऐकू येतो का बघा. टुक, टुक, टुक, एका लयीत, तुमच्या जवळच कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांड्यावर ठोके पडतात ना अगदी तसा, म्हणून तर नाव तांबट. ओरडताना तो मान फिरवतो म्हणून आवाज कधी या बाजूने कधी त्या बाजूने आल्यासारखा वाटतो. सासूबाईंना विचारा, आई, आज कुठून ओरडतोय?

आणि हे पण लिहितेच कारण न लिहिणं बरोबर होणार नाही. तुमच्या पत्रात नवऱ्याचा उल्लेख नाही, नणंदेचा नाही, दिराचा नाही. पिंपळ बघून त्यांच्या वाट्याचं काम कमी होत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, तीन तास, कोणीतरी दुसऱ्याने आईंपाशी बसायचं आणि तुम्ही बाहेर पडायचं, सारसबागेत जा, मैत्रिणीकडे जा, नुसत्या लक्ष्मी रोडने फिरून या. मागून घ्या, हक्काने मागा.

प्रश्न : बघताना फोटो काढले तर चालतात का? नंतर ग्रुपवर टाकायला बरे पडतात.

उत्तर : पहिले पंधरा दिवस नको. फोटो काढायचा म्हटलं की मन चांगल्या अँगलमागे धावतं आणि पक्षी उडाला की चुकचुकतं. नंतर काढा की.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातली, वय २४, दोन वर्षं झाली पुण्यात एमपीएससी करतेय. कॉट बेसिसवर राहते, सकाळी सात ते रात्री दहा अभ्यासिका. रूममेटने तुमचं सदर दाखवलं आणि खरं सांगू का ताई, मला राग आला. आमच्याकडे आभाळाकडे बघितलं की पोटात गोळा येतो. जूनमध्ये ढग आले की पप्पा अंगणात जाऊन उभे राहतात आणि ढग न पडताच गेले की जेवत नाहीत. इथली माणसं तेच ढग बघून रिलॅक्स होतात? आणि दुसरं म्हणजे पंधरा मिनिटं नुसतं बसायचं तर मला गिल्टी वाटतं, घरून महिन्याला पैसे येतात ते बसायला येत नाहीत.

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचून मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं आहे आणि आम्ही शहरातली माणसं हे विसरतो. ज्याच्यावर घरातल्यांचं पोट अवलंबून आहे ते बघून शांत वाटूच शकत नाही, त्यात तुझं काही चुकत नाहीये. तेव्हा आभाळ सोड. तू असं काहीतरी बघ की जे पिकलं नाही तरी कोणाचं अडत नाही, ज्याचा बाजारभाव निघत नाही. तुझ्या अभ्यासिकेच्या रस्त्यावर एखादा करंज असेल, पुण्यात रस्त्यारस्त्याला आहेत, या दिवसात त्याची जुनी पानं जाऊन नवीन इतकी लखलखीत पोपटी येतात की धुऊन ठेवल्यासारखी दिसतात, त्याच्याकडे बघ. तो कोणाकडून कर्ज घेऊन लावलेला नाही, त्याला फूल कमी आलं तरी कोणी उपाशी राहत नाही. तुला हक्क आहे असं काहीतरी बघण्याचा.

आता गिल्टीचं. एकच पान चौथ्यांदा वाचतेय आणि डोक्यात काही शिरत नाहीये असं होतं ना दुपारी? आळस नसतो तो. स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आपण जे लक्ष मुद्दाम ओढून एका गोष्टीवर लावतो, राज्यघटनेच्या कलमांवर लावतेस ना तू तसं, ते स्नायूसारखं दमतं, आणि दमलं की चिडचिड होते, चुका होतात. पान हलतंय, पाणी वाहतंय, पाखरू उड्या मारतंय, याच्याकडे मात्र लक्ष आपोआप जातं, ओढावं लागत नाही, आणि तेवढ्या वेळात ते दमलेलं लक्ष विश्रांती घेऊन परत कामाला येतं. रील्स बघून हे होत नाही बरं का, तिथे दर पंधरा सेकंदाला नवीन काहीतरी लक्ष हिसकावून घेतं, तू ब्रेक घेतलास असं वाटतं पण डोकं उलट जास्त थकून परत येतं. तेव्हा मेसवरून येताना पंधरा मिनिटं करंजाखाली थांब आणि ती पंधरा मिनिटं टाइमटेबलमध्ये अभ्यासाच्या रकान्यात लिही, कारण ती तिथलीच आहेत.

आणि रविवारी पप्पांना फोन करशील तेव्हा मार्क, टेस्ट, पैसे सगळं बोलून झालं की एकदा विचार, पावशा पक्षी ओरडायला लागला का? त्याच्या ओरडण्याला पेरते व्हा म्हणतात ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. कधी पहिल्यांदा ऐकला, कुठल्या झाडावर बसतो, त्यांना सांगू दे.

प्रश्न : वय ५२, कर्वेनगर. दोन महिने रोज सकाळी नदीकाठी जाऊन बसतोय. पक्षी दिसतात पण आत काही होत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, जेवणात चव नाही, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टी नकोशा वाटतात, आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटतं. मी बरोबर करत नाहीये का?

उत्तर : तुम्ही अगदी बरोबर करताय, पण तुम्हाला जे होतंय ते रोजच्या ताणाच्या पुढचं आहे आणि ते नुसतं बसून जाणार नाही. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, वाट बघू नका. हे डिप्रेशन असू शकतं, त्याला औषध आहे, उपचार आहेत आणि माणसं त्यातून बाहेर येतात, मी रोज बघते. ओझं आहोत असं वाटतं ते आजार बोलतोय, तुम्ही नाही. आज रात्रीच फार जड वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. आत्ताच नंबर फोनमध्ये सेव्ह करा आणि घरात एकाला तरी हे पत्र वाचायला द्या. नदीवर जाणं सोडू नका, उपचार सुरू झाले की तिथेही हळूहळू फरक कळायला लागेल. मला परत लिहा, नक्की लिहा.

प्रश्न : नातू सात वर्षांचा, सुट्टीत दिवसभर मोबाइल, काढून घेतला की थयथयाट. तो पंधरा मिनिटं गप्प बसून झाड बघेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटत नाही. काही उपाय?

उत्तर : आजोबा, झाड नको, मुंग्या. सात वर्षांच्या मुलाला नुसतं बघायला सांगू नका, त्याला काम द्या. ओट्याजवळ किंवा गॅलरीत मुंग्यांची रांग दिसली की तिच्यापासून वीतभर लांब साखरेचे चार दाणे ठेवायचे आणि दोघांनी जमिनीवर पालथं पडायचं (तुमचे गुडघे चालत असतील तर, नाहीतर पाटावर बसा). पहिली मुंगी वाट चुकून तिथे येते, दाण्याभोवती फिरते, मिशा लावून बघते आणि परत जाते. मग थोड्या वेळात मागून आणखी येतात, कारण जाताना ती पोट टेकवत वासाचा माग सोडत गेलेली असते. त्याला विचारा, हिने बाकीच्यांना कसं सांगितलं असेल? उत्तर लगेच देऊ नका. मग ओल्या बोटाने रांगेच्या मधून एक आडवी रेघ पुसायला सांगा आणि बघा, रेघेपाशी आल्या की गोंधळतात, मागे फिरतात, इकडे तिकडे शोधतात आणि थोड्या वेळाने परत वाट जुळवतात. दोन मुंग्या समोरासमोर आल्या की क्षणभर थांबून एकमेकींच्या मिशांना मिशा लावतात, ते दाखवायला विसरू नका, मुलांना ते फार आवडतं. मारायचं नाही, फुंकर मारायची नाही, एवढे दोन नियम.

दाणा शेवटी कुठल्या भोकात गेला ते शोधून काढायचं काम त्याचं. सापडलं की मला कळवायला सांगा, त्याच्याच अक्षरात, पुढच्या अंकात छापते.